घड्याळाचा पट्टा घेण्याआधी हात बघा आणि दारातल्या चपला बघा

बाबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आलं तेव्हा त्याला ताणली जाणारी स्प्रिंगची चेन होती. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. मनगट रुंद, केसाळ. ती चेन रोज दोन-चार केस उपटायची, तरी त्यांनी बदलली नाही. माझ्या हातात मात्र ती पार कोपरापर्यंत जायची. म्हणून नाशिकच्या मेन रोडवरून एक काळा चकचकीत पट्टा आणला, चढवला, आणि घड्याळ एकदम परक्या कुणाचं तरी वाटायला लागलं. डबी तीच, काटे तेच, रोज सकाळी चावी देणं तेच. फक्त पट्टा बदलला होता. त्यानंतर गेली आठ-नऊ वर्षं मी पट्ट्यांच्या मागे आहे. घड्याळं तीनच आहेत, पट्टे चौदा. मावसभाऊ, मैत्रिणी, कंपनीतली नवी मुलं पट्टा घेण्याआधी मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे आधी माप.

डबीला वर-खाली पट्टा अडकवायला दोन-दोन कान असतात. समोरासमोरच्या दोन कानांमधलं आतलं अंतर म्हणजे पट्ट्याचं माप. पुरुषांच्या घड्याळात ते बहुतेक १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं, बायकांच्या लहान घड्याळात १२, १४ किंवा १६. बाबांचं १८ भरलं. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर कंपासपेटीतली स्टीलची पट्टी चालते, पण डोळा सरळ वरून हवा. १९ मापाचीही घड्याळं असतात आणि गोंधळ तिथेच होतो. १९ ला १८ चा पट्टा लावला की दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर फट राहते आणि पट्टा कानांत अडकवणारी पिन दिसते. २० चा कोंबला तर चामडं कडेला चुरगळतं. ‘ताई, ब्लेडने कापून बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. मी एकदा हो म्हटलं होतं. पट्ट्याची कड कापली की शिवणही कापली जाते. दोन महिन्यांत तो पट्टा दोन पदरांत उकलला.

दुसरं माप मनगटाचं. शिंप्याची टेप नसेल तर दोरा गुंडाळा आणि पट्टीवर धरा. माझं मनगट १४६ मिलिमीटर आहे. बाजारातल्या नेहमीच्या पट्ट्याची भोकांची बाजू ११५-१२० आणि बकलची बाजू ७५-८० मिलिमीटरच्या आसपास असते. माझ्यासारख्या बारीक हाताला त्याचं टोक पलीकडे लोंबतं. मग आखूड पट्टा मागायचा, जादा भोक पाडून घ्यायचं नाही. बकलचा काटा मधल्या भोकात बसला तर माप बरोबर. नाशिकची एप्रिल-मेची दुपार आणि जानेवारीची पहाट यांत मनगट एका भोकाने तरी कमी-जास्त होतं, म्हणून दोन्हीकडे जागा हवी. पट्ट्याखालून करंगळी सहज गेली पाहिजे.

माप झालं की मी विचारते: हात दिवसभर कुठे असतो? कपड्यांचं नंतर बघू.

माझ्या मावसभावाचा पिंपळगावला द्राक्षांचा मळा आहे. त्याला तपकिरी लेदरचा पट्टा फार आवडायचा. फवारणीच्या दिवसांत बोर्डो या बुरशीनाशकाचे शिंतोडे, घाम आणि पाणी यांनी तो एका हंगामात कडक होऊन भेगाळला. आता मळ्यात त्याच्या हातात नायलॉनचा पट्टा असतो. संध्याकाळी तो साबणाने धुऊन दोरीवर टाकतो. लेदरचा पट्टा लग्नकार्याला आणि नाशिकला बँकेत यायला. हे त्याच्या रुबाबात कुठेही कमी पडलेलं नाही. उलट मळ्यातल्या हाताला तो मातकट हिरवा नायलॉनच शोभतो. आणि तुम्ही लेथवर किंवा ड्रिलिंग मशीनवर असाल तर पट्टा कुठलाही असो, मशीन चालू करण्याआधी घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवा. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यात, पट्टा अडकला की तो हाताला सोबत घेऊन जातो.

दिवस कळला की मग चपला बघा. हे माझं स्वतःचं गणित आहे आणि मला ते अजून चुकलेलं दिसलेलं नाही. माणूस सणाला काय घालतो त्यावरून त्याची आवड कळत नाही, दाराशी रोजची जी जोडी झिजलेली असते तिच्यावरून कळते. कोल्हापुरी वापरणाऱ्याला काळा, गुळगुळीत, फुगवलेला पट्टा उपरा दिसतो. त्याला बिनरंगाचा, कडा नुसत्या घासलेल्या, जाड दोऱ्याने शिवलेला पट्टा हवा. रोज पॉलिश केलेले काळे बूट घालणाऱ्याला पातळ काळा किंवा गडद तपकिरी, शिवणही त्याच रंगाची. स्पोर्ट्स शूजवाल्याला रबर, नायलॉन किंवा कॅनव्हास. वेगळ्या रंगाची शिवण पट्ट्याला मोकळंढाकळं करते, त्याच रंगाची शिवण त्याला औपचारिक करते. एवढ्या एका दोऱ्याने किती फरक पडतो ते दोन पट्टे शेजारी ठेवून बघा.

माझ्या दाराशी कोल्हापुरीच असते. म्हणून बाबांच्या घड्याळाला तो काळा पट्टा लागू पडला नव्हता, किंवा खरं म्हणजे मलाच लागू पडला नव्हता.

लेदरबद्दल जरा सविस्तर, कारण फसवणूक तिथेच जास्त. पट्ट्यामागे ‘जेन्युइन लेदर’ असा छाप असला तर त्याचा अर्थ आत चामडं आहे, एवढाच. ते चांगलं आहे असा नाही. पट्टा हलकेच वाकवा. चांगल्या चामड्यावर बारीक, असमान सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर बसतात. पीयूवर, म्हणजे नकली चामड्यावर, सुरकुती एकसारखी, प्लॅस्टिकसारखी पडते आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. भोकांच्या आत डोकावून बघा, तिथे तंतू दिसले पाहिजेत. सर्वांत टिकाऊ ते फुल ग्रेन, म्हणजे कातड्याचा वरचा थर न घासता ठेवलेला. कमावण्याचेही दोन मुख्य प्रकार आहेत. क्रोमने कमावलेलं मऊ असतं, पाणी थोडं जास्त सोसतं आणि रंग फारसा बदलत नाही. हिरडा-बाभळीच्या सालीसारख्या झाडाच्या वस्तूंनी कमावलेलं सुरुवातीला कडक असतं, पण हाताचं तेल आणि ऊन पिऊन वर्षभरात मधासारखं गडद होत जातं. कोल्हापुरीचं कातडं असंच कमावतात. मला हे दुसरं आवडतं. कुठलंही असो, घामाचं मीठ त्याला खातं. म्हणून एकच पट्टा रोज नको, दोन आलटून-पालटून वापरा. रात्री आतली बाजू कोरड्या मऊ फडक्याने पुसा. भिजला तर सावलीत वाळू द्या, उन्हात नाही. त्र्यंबकला किंवा इगतपुरीला पावसात जाताना लेदर घरीच ठेवा.

चामडं चालत नसेल, आमच्या शेजारच्या जैन काकूंना चालत नाही, तर कॅनव्हास बघा. शिवलेल्या कॅनव्हासला पातळ लेदरचं अस्तर असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

स्टीलची चेन मजबूत आणि पाण्याला निर्धास्त. कड्या काढताना दोन्ही बाजूंनी काढायला सांगा, नाहीतर चेन बंद करायचा खटका मनगटाच्या मधोमध न बसता एका कुशीला जाते. निकेलची ॲलर्जी असेल तर चेन आणि बकल दोन्हींपासून जपा. बायकांसाठी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. २२ कॅरेटचं सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं, त्यामुळे बांगड्यांशेजारी स्टीलची चेन घातली की बांगड्यांवर चरे पडतात. काचेच्या बांगड्या तर टिचतातच. बांगड्यांच्या हातात घड्याळ घालायचं असेल तर लेदर किंवा कापडी पट्टा. पैठणीवर मी आईचं छोटं १२ मापाचं घड्याळ घालते, पट्टा गडद वाईन रंगाचा. काठाच्या रंगाशी जुळवण्यापेक्षा पदराच्या आतल्या एखाद्या गडद रंगाशी जुळवलेलं जास्त खुलतं. बकल मात्र डबीच्या धातूचंच हवं. स्टीलच्या डबीला सोनेरी बकल लावलं की पट्टा उसना आणल्यासारखा दिसतो.

रबरात सिलिकॉन मऊ आणि स्वस्त, पण खिशातला सगळा कचरा आणि धूळ ओढून घेतं. एफकेएम रबर महाग, पण तेल, घाम आणि उन्हाला चांगलं टिकतं. पोहायला जाणाऱ्यांनी हेच घ्यावं.

आता नायलॉनच्या एका खास पट्ट्याविषयी. एका रविवारी सोमेश्वरच्या धबधब्यापाशी हात झटकला आणि बाबांचं घड्याळ दगडावर पडलं. काच तडकली. पट्टा शाबूत होता, आतली जुनी स्प्रिंगची पिन निसटली होती. पट्टे इतके बदलले होते आणि पिना त्याच, गंजलेल्या. काच नवी बसली, पण त्या दिवशी गोदावरीचं पाणी जरा जवळ असतं तर घड्याळच गेलं असतं. तेव्हापासून फिरायला जाताना मी एकसंध, डबीच्या खालून ओवायचा नाटो पट्टा लावते. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये त्याचं प्रमाण ठरवलं होतं, २० मिलिमीटर, राखाडी. तो दोन्ही पिनांमागून जातो, म्हणून एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. पातळ जुन्या घड्याळाला तो थोडी उंची देतो, मनगटावर डबी दोन-तीन मिलिमीटर वर येते, ते मात्र चालवून घ्यावं लागतं.

पट्टा घरी बदलता येतो. पलंगावर जाड टॉवेल पसरा, पिन उडाली तर सापडते. डबी पालथी ठेवा, कानांवर सेलोटेप लावा म्हणजे चरा पडत नाही. पिन काढायचं छोटं दुतोंडी हत्यार मिळतं, त्याने पिनेचा खांदा दाबून बाजूला सरकवा. बकलची बाजू १२ च्या अंगाला, भोकांची ६ च्या अंगाला. नव्या पट्ट्यासोबत नव्या पिना, हे माझ्याकडून नियम समजा.

बाबांच्या घड्याळाला आता बिनरंगी, सालीने कमावलेला १८ चा पट्टा आहे, शिवण फक्त कानांपाशी. घ्यायला गेले तेव्हा पिवळसर होता, आता माझ्या कोल्हापुरीच्या रंगाला आलाय. तुमचा पट्टा चढवून झाला की लगेच हातात घालू नका. टॉवेलवरच डबी एका हातात धरा आणि पट्ट्याची एकेक बाजू चांगली हिसडून ओढा. दोन्हीकडून ‘टक्’ असा आवाज बसताना आला होता का आठवा. नसेल आला तर पिन काढून पुन्हा बसवा.