गिटारचं वायरिंग करताय? पॉट आणि स्विच घेताना या चुका टाळा

घरी गिटार बनवणारे पिकअप (तारांचा कंप पकडून सिग्नल बनवणारा भाग) कुठला घ्यायचा यावर महिना महिना डोकं खपवतात आणि पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर) आणि स्विच मात्र शेवटी "कुठलाही चालतो रे" म्हणून मागवतात. मग जोडणी झाली की आवाज दबलेला येतो, टोन नॉब नुसता शोभेचा, आणि खापर फुटतं बिचाऱ्या पिकअपवर.

पहिला गोंधळ व्हॅल्यूचा. सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपला २५०के, हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपला ५००के, एवढं धरून चाला; के म्हणजे किलो-ओहम. पॉट पिकअपला पॅरलल बसतो, व्हॅल्यू जितकी कमी तितकी ट्रेबल जास्त मरते, म्हणून हंबकरला २५०के लावला की ॲम्पवर गोधडी टाकल्यासारखा आवाज येतो. उलट सिंगल कॉइलला ५००के लावला तर आवाज टोचायला लागतो, काहींना तसाच आवडतो ते सोडा. बॅटरीवाले ॲक्टिव्ह पिकअप असतील तर बहुतेकदा २५के लागतो, तिथे ५००के लावलात तर व्हॉल्यूम नॉब चालू-बंद बटणासारखा वागतो.

आता छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बऱ्याच पॉटचा टॉलरन्स २० टक्के असतो, म्हणजे ५००के लिहिलेला पॉट ४०० पण भरू शकतो आणि ६०० पण. सोल्डर करायच्या आधी मल्टिमीटर बाहेरच्या दोन पायांना लावून बघा, आणि हातात दोन-तीन असतील तर हंबकरच्या व्हॉल्यूमला जास्त भरणारा ठेवा.

टेपरचंही, म्हणजे नॉब फिरवताना रेझिस्टन्स कसा बदलतो त्याचंही, तेच. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर, पण काही जुन्या पॉटवर हा अर्थ वेगळा असतो त्यामुळे मोजलेलं बरं. नॉब पूर्ण डावीकडे फिरवा, मधला पाय ज्या बाहेरच्या पायाशी जवळपास शून्य दाखवतो तो ग्राउंडचा. आता नॉब मधोमध आणून त्याच दोन पायांमध्ये मोजा: एकूणच्या निम्मं आलं तर लिनियर, साधारण १०-१५ टक्के आलं तर लॉग. व्हॉल्यूमला लॉगच घ्या, नाहीतर १० पासून ५ पर्यंत काही होत नाही आणि शेवटच्या टोकाला आवाज एकदम पडतो. आणि नॉब उलटा चालतोय, म्हणजे कमी करायला गेलं की वाढतोय, असं असेल तर बाहेरच्या दोन पायांच्या वायरी अदलाबदल झाल्यात, पॉट बदलू नका.

मापं बघायला विसरतात लोक. फुल साइझ पॉटला साधारण ९.५ मिमीचं भोक लागतं, मिनीला त्यापेक्षा बरंच लहान. दात्यांच्या शाफ्टमध्ये २४ दात्यांचा आणि १८ दात्यांचा असे दोन प्रकार, एकाचा नॉब दुसऱ्यावर दाबून बसवलात तर नॉब तडकतो नाहीतर डुगडुगतो. गिटारचा टॉप (वरची फळी) जाड असेल तर लांब मानेचा पॉट घ्या, नाहीतर नट धरायला आटेच उरत नाहीत.

स्विचमध्ये खरी फसगत ब्लेड स्विचची (पिकअप निवडायचा, दांडी सरकवायचा स्विच) होते. बंद डबीवाल्याचे आठही पाय एका रांगेत असतात, उघड्या प्रकारात ते दोन बाजूंना विभागलेले, आणि नेटवरचे बरेच डायग्राम उघड्याचे असतात. डायग्राम डोळे झाकून उतरवू नका, मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून प्रत्येक पोझिशनला कुठले पाय जुळतात ते कागदावर लिहा. उघडा स्विच खोलही जास्त जातो, कॅव्हिटी (गिटारमधला वायरिंगचा खड्डा) आधी मोजा.

कॉइल स्प्लिटसाठी (हंबकरची एकच कॉइल वापरायला) मिनी टॉगल घेताय तर ऑन-ऑन डीपीडीटी (दोन सर्किट एकदम बदलणारा) पुरतो, पण पिकअप चार वायरींचा हवा. सिरीज-स्प्लिट-पॅरलल तिन्ही हवंय तर ऑन-ऑन-ऑन लागतो. दुकानात ऑन-ऑफ-ऑन हातात देतात, दिसायला सारखाच, पण मध्ये त्याचे सगळे कॉन्टॅक्ट तुटतात आणि स्प्लिट काही मिळत नाही.

पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना छोट्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने मिनिटभर भाजू नका, आतला कार्बन ट्रॅक जळतो आणि मग नॉब फिरवला की खरखर. मोठं टोक, गरम आयर्न, पाठ आधी थोडी घासून घ्या, दोन-तीन सेकंदात काम.

सगळं करूनही हम (सतत घूं असा आवाज) येतोय? तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे, बाकी शिल्डिंगचं बघा. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकवर हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंड उलटे लागलेत, आधी तिथेच बघा.