डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय? मग या चुका टाळा

बीडीएस हुकलं की कोणीतरी सांगतं हायजिनिस्टचं कर, आणि पोरं घाईघाईत सहा महिन्यांच्या डेंटल असिस्टंट सर्टिफिकेटची फी भरून मोकळी होतात. अहो ते वेगळं! हायजिनिस्टचा डिप्लोमा दोन वर्षांचा, बारावी सायन्सनंतरचा, आणि १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये या कामाची व्याख्याच आहे, दातांचं स्केलिंग (म्हणजे दातांवरचं किटण काढणं), क्लीनिंग, पॉलिशिंग करणं किंवा दातांची निगा कशी राखायची ते शिकवणं. कोर्सला मान्यता आहे का आणि पास झाल्यावर स्टेट डेंटल कौन्सिलमध्ये नाव लागेल का हे आधी विचारा, नंतर बोंबलून उपयोग नाही. डेंटल मेकॅनिक पण वेगळा, तो लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवतो.

स्वतःचं क्लिनिक टाकायचं स्वप्न असेल तर थांबा, काम डेंटिस्टच्या देखरेखीखालीच करायचं असतं. त्यात आपल्याकडे छोट्या क्लिनिकमध्ये स्केलिंग डॉक्टर स्वतःच उरकतात, त्यामुळे नोकरी बघायची ती हॉस्पिटल, डेंटल कॉलेज नाहीतर मोठ्या क्लिनिकमध्ये.

आता हाताचं. नवीन लोक अल्ट्रासॉनिक स्केलरचं, म्हणजे थरथरून किटण काढणाऱ्या यंत्राचं टोक (टिप) थेट दातावर रोवतात आणि मिश्रीचे काळे डाग दिसले की अजूनच जोर लावतात. जोर लावला की टिपची थरथर मंदावते, किटण निघत नाही, दातावर ओरखडे पडतात आणि पेशंट खुर्चीत उडतो ते वेगळंच. टिपची कड दाताला जवळजवळ समांतर ठेवा, पंधरा अंशांच्या आत, हात हलका आणि सतत फिरता, पाणी चालू, अनामिका शेजारच्या दातावर टेकवलेली. हाताने करताना ग्रेसी क्युरेटचे, म्हणजे किटण खरवडायच्या वाकड्या टोकाच्या हत्याराचे नंबर बघा, मागच्या दातांना पुढच्या बाजूने ११-१२ आणि मागच्या बाजूने १३-१४, आणि धार गेली असेल तर आधी धार लावा, बोथट क्युरेटने किटण निघत नाही, नुसतं गुळगुळीत होऊन चिकटून राहतं.

हिस्ट्री न विचारता सुरू करू नका. रक्त पातळ करायची गोळी, शुगर, पेसमेकर, एवढं तरी विचाराच.

स्केलिंगने दात हलतात असं पेशंट म्हणणारच. त्यावर चिडू नका, आरसा हातात देऊन दाखवा की दात आधीच सैल होता, किटणाने धरून ठेवला होता.

अमेरिकेला जायचंय? तिथे मान्यताप्राप्त कोर्स, नॅशनल बोर्ड परीक्षा आणि राज्याचं लायसन्स लागतं, इथल्या नुसत्या डिप्लोमावर भागत नाही.

आणि हिपॅटायटिस बीची लस अ‍ॅडमिशन झाल्या झाल्या सुरू करा, तीन डोसांना सहा महिने लागतात आणि पेशंट त्याआधीच समोर येतात.