जंजिऱ्याला कधी जायचं? नाशिककरांनो, या चुका टाळा

आपल्याकडे कसंय, पाऊस पडला की गाडी काढायची, इगतपुरी, भंडारदरा, त्र्यंबक काहीही चालतं. हाच हिशोब धरून लोक जुलैत मुरूडला निघतात, कसारा घाट, भिवंडी, पनवेल, अलिबाग करत अख्खा दिवस गाडीत घालवतात आणि राजपुरीच्या धक्क्यावर गेल्यावर कळतं की समुद्रातल्या जंजिरा किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद! साधारण मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत समुद्र खवळलेला असतो, तेव्हा होडी नाहीच. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे लगेच सुरू होईल असंही धरू नका, सप्टेंबरमध्ये जायचं तर आधी लॉजवाल्याला फोन करून विचाराच.

दुसरी चूक मे महिन्याची सुट्टी. नाशिकचं ऊन कोरडं, संध्याकाळी जरा तरी बरं वाटतं, तिकडे रात्रीसुद्धा अंग चिकचिकतं. त्यात किल्ला बावीस एकरांचा, वाड्यांची छपरं गेलेली, सावली फारशी नाही. कलालबांगडी तोफेला हात लावून बघा दुपारी, चटका बसतो. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी या किल्ल्यासाठी समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता, तो इतिहास ऐकायचा तर डोकं शांत हवं ना. ऑक्टोबरही तसाच, हीट नुसती.

मग कधी? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पण 25 डिसेंबर ते 1 जानेवारी सोडा प्लीज, होडीच्या रांगेतच अर्धा दिवस जातो आणि वर फिरायला मोजून वेळ देतात. जानेवारीतला मंगळवार-बुधवार बेस्ट. निफाडच्या थंडीच्या सवयीने स्वेटर भरभरून नेऊ नका, पहाटेला एक पुरे.

आता जे कोणी बघतच नाही ते म्हणजे तिथी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी असते, तेव्हा हा फरक कमी. कोकणातला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. ओहोटीला पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडतं आणि हलत्या होडीतून पाय टाकायचा असतो, तेव्हा आजी-आजोबा सोबत असतील तर हे बघूनच जा. गुळगुळीत सोलच्या चपला नकोतच.

आणि गेलातच चुकीच्या दिवशी, होडी बंद निघाली, तर धक्क्यावर भांडत बसू नका, होडीवाल्याच्या हातात काही नसतं. जवळच खोकरीचे घुमट आहेत, जंजिऱ्यावर राज्य केलेल्या सिद्द्यांच्या कबरी, तिथे गर्दी अगदीच कमी. परतताना रेवदंड्याजवळ कोर्लईचा किल्ला आहे, पोर्तुगीजांचा, तिथे चालत चढून जाता येतं, होडी लागत नाही.