रिकर्व्हला क्लिकर कसा लावावा आणि त्याची धास्ती कशी घालवावी

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्या नाशिकच्या मैदानावर दरवर्षी एक तरी पोरगं असं दिसतं. नवंकोरं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, ऑलिम्पिकमधलं धनुष्य), घरीच बसवलेला क्लिकर, दोरी हनुवटीपर्यंत आलेली आणि अख्खा डावा हात थरथरतोय. तिराचं टोक पट्टीच्या कडेशी येऊन अडलंय, पुढे ना मागे. मागून वडील सांगतात, "अजून थोडं ओढ, वाजेल." पोरगं खांदा वर करतं, मान पुढे काढतं, पट्टी वाजते आणि तीर बटाच्या, म्हणजे टारगेट लावायच्या पेंढ्याच्या गादीच्या, बाहेर जातो. "अजून थोडं ओढ" हा या खेळातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. माझे जवळजवळ ११ महिने त्यात गेले.

क्लिकर म्हणजे धातूची एक पातळ पट्टी. तीर तिच्याखालून मागे येतो, टोक तिच्या कडेतून निसटलं की पट्टी रायझरवर (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागावर) आपटते आणि टक् असा आवाज होतो. त्या आवाजाचा अर्थ एवढाच, की हा तीर तुम्ही मागच्या तिराइतकाच ओढलाय. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं. दोरी चार-पाच मिलिमीटर कमी ओढली गेली तरी तीर त्या वर्तुळाच्या खाली उतरतो, मग नेम कितीही पक्का असो. क्लिकर लागतो तो यासाठी.

तो फक्त रिकर्व्हला लागतो, हे आधी लक्षात घ्या. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून त्यांचे व्हिडिओ बघून मुलं येतात आणि विचारतात, त्यांचा क्लिकर कुठे आहे? तो नाहीच. त्यांचं धनुष्य कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं. त्याची ओढ एका ठिकाणी येऊन थांबते आणि दोरी हातातल्या रिलीज नावाच्या खटक्याने सुटते. टोकियो ऑलिम्पिकला गेलेला आपल्या फलटणकडचा प्रवीण जाधव रिकर्व्हवाला, त्याला क्लिकर असतो. बेअरबोला (साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसलेल्या धनुष्याला) तो चालत नाही. इंडियन राउंड या आपल्याकडच्या प्रकारातल्या बांबूच्या धनुष्याला ना साइट ना क्लिकर.

सुरुवातीचं

धनुष्य जोडता येतं, दोरीची उंची मोजता येते, बोटांना टॅब आणि हाताला आर्मगार्ड आहे, मागे भिंत किंवा मातीचा बांध आहे, हे सगळं धरून चालतो. फक्त तीन गोष्टी बजावतो. तीर न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका, लिम्ब (धनुष्याचे वाकणारे वरचे-खालचे भाग) फुटतात. कार्बनचा तीर मारण्याआधी दोन्ही हातांत धरून कानाजवळ हलका वाकवा आणि पिळा. बारीकशी जरी करकर ऐकू आली तरी तो तीर मोडून टाका, कारण तडकलेला कार्बन सुटताना डाव्या हातात घुसतो. आणि इंटरनेटवर दिसणारी पात्यांची शिकारी टोकं मागवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. ती पाती बटाचा चुराडा करतात आणि मैदानावर इतरांच्या जिवाला धोका होतो. गोळीच्या आकाराचं साधं टोक हेच आपलं टोक.

उभं राहताना पाय खांद्याएवढे लांब. दोरीवर तीन बोटं: तर्जनी तिराच्या वर, दोन बोटं खाली. दोरी नाकाला आणि हनुवटीला टेकली, हात जबड्याच्या हाडाखाली बसला, की झाला अँकर. हे तुम्हाला येत असणार. येत नसेल तर क्लिकर सहा महिने डब्यात राहू द्या.

क्लिकरची जागा

लागोपाठ दहा तिरांत ओढीचा फरक एका सेंटिमीटरच्या आत आला, की मगच क्लिकर. हा फरक मोजायला दुसरं माणूस लागतं. रिकाम्या बटापासून चार-पाच मीटरवर उभे राहा, ओढा, अँकर करा, डोळे मिटा. सोबतच्याने बाजूने बघायचं आणि तिराचं टोक रायझरच्या ज्या जागी आलंय तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारायची. असं दहा वेळा. रेघांचा एक पुंजका तयार होतो. पट्टीची कड अशी बसवा, की अँकर झाल्यावर टोकाला तिच्यातून निसटायला दोन ते तीन मिलिमीटर उरतील. त्याहून जास्त उरवले, तर ते अंतर तुम्ही मानेने आणि खांद्याने भरून काढाल.

मुलांचे तीर मुद्दाम लांब ठेवलेले असतात, उंची वाढते म्हणून. तिथे रायझरवरचा क्लिकर टोकापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी तीर कापू नका. साइटच्या दांड्यावर बसणारा क्लिकर मिळतो, तो लावा.

आणि एकदा बसवलेला क्लिकर रोज हलवू नका. थंडीत हे फार होतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो, द्राक्षबागांत शेतकरी शेकोट्या करतात, आमच्याकडे सकाळी तो धूर जमिनीलगत पसरलेला दिसतो. अशा सकाळी अंग आखडलेलं असतं, ओढ दोन-तीन मिलिमीटर कमी भरते, क्लिकर वाजत नाही. लोक लगेच पाना काढतात आणि पट्टी लक्ष्याकडे सरकवतात. उन्हं वर आली की अंग मोकळं होतं, आणि तोच क्लिकर अँकर व्हायच्या आधीच वाजायला लागतो. पाना खिशात ठेवा. रबरी पट्ट्याने वीस-तीस वेळा ओढ करा, हलके पंधरा तीर मारा, मग ठरवा.

खरी अडचण

आता जिथे माझे ११ महिने गेले तिथे येतो.

मी ३८ पाउंडांचं धनुष्य ओढत होतो. म्हणजे बोटांवर साधारण १७ किलो. पात्रता फेरीत ७२ तीर असतात. सरावाचे सोडून हिशोब केला तरी दिवसाला सव्वा टनाच्या आसपास ओढ होते. पहिले तीस तीर ठीक जायचे. नंतर टोक कडेशी यायचं आणि तिथेच गोठायचं. एक मिलिमीटर उरलाय हे मला दिसत असायचं आणि तो एक मिलिमीटर माझ्याच्याने ओढवत नसायचा. काही दिवसांनी उलटं सुरू झालं: पट्टी वाजायच्या आधीच बोटं आपोआप उघडायची. मग तर नुसता दुसऱ्याचा क्लिकर वाजला तरी माझा तीर सुटायचा. एकदा शेजारच्या मुलीच्या टक् आवाजावर माझा तीर गेला आणि दोन बट सोडून तिसऱ्यात लागला. त्या दिवशी मी धनुष्य पिशवीत भरलं आणि पंधरा दिवस बाहेर काढलं नाही.

याला टारगेट पॅनिक म्हणतात. तुम्हाला झालं असेल तर लाजू नका आणि लपवू नका. लपवलं की वाढतं. हा मनाचा कमकुवतपणा नाही. आवाज आणि बोटं यांच्यात पडलेली ही एक वाईट सवय आहे, आणि सवय मोडता येते.

मला तेव्हा दोन सल्ले मिळाले. एका शिबिरात सांगितलं, पुढचा हात लक्ष्याकडे ढकल, म्हणजे पट्टी वाजेल. वाजते, पण ढकलताना डावा हात दर वेळी वेगळीकडे जातो आणि तीर डावी-उजवीकडे पसरतात. दुसरा सल्ला होता, पाउंड वाढव म्हणजे हात मजबूत होईल. त्याने थरथर वाढली, एवढंच झालं.

खरी गोष्ट मला पेठकडच्या एका पाड्यावर दिसली. एक आजोबा वाळक्या ओंडक्यावर तीरकमठा चालवून दाखवत होते. कामठी बांबूची, दोरी बांबूच्याच सालीची. मी अगदी हातभर अंतरावर उभा होतो. तीर सुटताना त्यांची बोटं उघडल्याचं मला दिसलंच नाही. त्यांचं कोपर मागे जात होतं, जात राहिलं, आणि मधेच कधीतरी तीर निघून गेला. हात गालाला घासत कानाच्या पाळीपर्यंत गेला तेव्हा समोर टप् आवाज झाला. मी मात्र अँकरवर थांबायचो. थांबलेलं शरीर पुन्हा हलवायला जोर लागतो, आणि तो जोर बोटांतून यायचा.

म्हणून शेवटचे दोन-तीन मिलिमीटर हाताने ओढायचे नसतात. उजवं खांद्याचं फळ पाठीच्या कण्याकडे सरकतं, कोपर पाठीमागे वळतं, छाती दोन्ही बाजूंना उघडते, आणि त्यात टोक निसटतं. ही हालचाल बाहेरून जवळपास दिसत नाही. ती आतून कळण्यासाठी कुणाला तरी पाठीवर, त्या फळाच्या कडेला, अंगठा टेकवून उभं करा आणि ओढताना तो अंगठा दाबायचा प्रयत्न करा. पाच मिनिटांत कळतं.

नजरेचंही तेच. ओढ सुरू असताना टोक पट्टीखाली नीट आहे का, ते एकदा बघा. अँकर झाला की नजर टारगेटच्या मधल्या पिवळ्यावर, पुन्हा टोकाकडे नाही. उरलेला मिलिमीटर बघत बसणारा माणूस गोठतोच.

तीन आठवडे

मी जे केलं आणि नंतर इतरांकडून करून घेतलं, ते असं.

आधी पाउंड उतरवा. मी ३८ वरून २८ वर आलो, लिम्ब उसने घेतले. लाज वाटली, पण याशिवाय पुढचं काही होत नाही.

पहिला आठवडा क्लिकर टेपने चिकटवून टाका. टारगेटचा कागद नाही, साइट नाही. पेंढ्याच्या बटापासून चार मीटर, अँकर झाला की डोळे बंद, रोज साठ तीर. कुठे लागतात ते बघायचं नाही. फक्त कोपर मागे जातंय का आणि सुटल्यावर हात मानेला घासून मागे गेलाय का, तेवढं जाणवू द्या.

दुसऱ्या आठवड्यात टेप काढा. पट्टी पहिल्या जागेपेक्षा दोन मिलिमीटर लक्ष्याकडे. आता ओढा, पट्टी वाजू द्या, आणि सोडू नका. वाजल्यावर मनात एक-दोन म्हणा, कोपर अजून मागे जाऊ द्या, आणि दोरी हळूहळू परत आणून तीर उतरवा. अर्धे तीर असेच उतरवायचे. पहिल्या दिवशी बोटं तुमचं ऐकणार नाहीत, दहातले सहा-सात तीर सुटून जातील. म्हणूनच बट चार मीटरवर ठेवलाय. चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज नुसता आवाज राहतो, बोटांना तो हुकूम वाटेनासा होतो. हा आठवडा कंटाळवाणा आहे आणि सगळे इथेच घाई करतात. करू नका. मी पहिल्यांदा तीन दिवसांत पुढे गेलो आणि आठव्या दिवशी परत पहिल्यावर आलो.

तिसऱ्या आठवड्यात दहा मीटर, १२२चा मोठा कागद, आणि सोबतीला एक माणूस. माझ्यासाठी माझी बहीण यायची. तिला धनुर्विद्येतलं काही येत नाही, येण्याची गरजही नाही. ती मागे उभी राहायची, पट्टी वाजली की "हो" किंवा "नको" म्हणायची. हो म्हटलं तर तीर जाऊ द्यायचा, नको म्हटलं तर उतरवायचा. सहातले दोन तरी "नको" असावेत, आणि कुठले ते तुम्हाला आधी कळता कामा नये. दोनदा ती काही बोललीच नाही. मी पट्टी वाजल्यावरही ओढत उभा राहिलो, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

त्यानंतर दर आठवड्याला दोन पाउंड आणि दहा मीटर, याहून वेगाने नाही. शेवटी क्लिकर परत मूळ रेघेवर आणा, तोही एकदम नाही, अर्धा-अर्धा मिलिमीटर.

सामन्यात

एकास एक सामन्यात आळीपाळीने तीर मारायचे असतात, एका तिराला २० सेकंद. नवख्यांना वाटतं वेळ संपेल, म्हणून न वाजलेल्या पट्टीशी झगडत बसतात. अँकरनंतर चार-पाच सेकंदांत पट्टी वाजली नाही तर तीर उतरवा, एक श्वास घ्या, पुन्हा ओढा. दहाव्या सेकंदाला उतरवलेला तीर परत नीट मारता येतो. घरी घड्याळ लावून याचा सराव करा, उतरवण्यासकट.

गोठणं थोडंही परत आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दुसऱ्या आठवड्यावर जा, महिनाभर थांबू नका. मी तर काही झालेलं नसतानाही रविवारी पहिले बारा तीर चार मीटरवरच मारतो. बहीण भाजी घेऊन परत जाताना गाडी लावते, मागे येऊन उभी राहते. बारातले चार ती अजून "नको" म्हणते, आणि मी ते उतरवतो.