इंजेक्टर धुण्याआधी मोजून घ्या

आयडलिंगला गाडी थरथरते, पिकअप मेला, अ‍ॅव्हरेज पडलं... लगेच गिऱ्हाईक म्हणतं, "इंजेक्टर साफ करून टाका." थांबा जरा. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी; दोष दुसरीकडेही असू शकतो. स्कॅनरवर पी-०३०२ आला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), तर त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर इंजेक्टर बिचारा निर्दोष.

इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा. चारही टिकटिकले पाहिजेत. एखादा मुका वाटला तर इंजिन बंद करून त्याचा वायरचा कपलर काढा आणि इंजेक्टरला मीटर लावा. साध्या पेट्रोल गाड्यांत बहुतेक १२ ते १६ ओहम दाखवतो. पण टिकटिक म्हणजे पेट्रोल पुरतं येतंय असं नाही. ठिबकच्या ड्रिपरसारखं आहे. पाणी येतं, पण क्षार धरला की कमी येतं.

इंजेक्टर काढताना फ्युएल पंपाचा फ्यूज उपसून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे रेलमधलं (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्टरच्या बुडाशी हवा मारा, नाहीतर सगळी माती सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत. कुठला कितव्या सिलिंडरचा, ते मार्करने लिहा.

आता टेस्ट बेंच, म्हणजे काढलेले इंजेक्टर चालवून मोजायचं मशीन. आत पेट्रोल नको, टेस्टिंगचं लिक्विडच घाला. प्रेशर कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. बऱ्याच गाड्यांना ३ बारच्या आसपास असतं. आधी पल्स (इंजेक्टर उघडणारा विजेचा इशारा) न देता नुसतं प्रेशर धरा. टोकाशी थेंब जमून गळायला लागला की तो इंजेक्टर मी बाजूला काढतो. मग फवारा बघा. धुक्यासारखा बारीक हवा, पिचकारी नको. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात एका इंजेक्टरचे दोन फवारे फुटलेले दिसतील. तो बिघाड नाही, तसंच डिझाइन असतं.

खरं काम मोजण्याचं. चारही एकदम ३० सेकंद पूर्ण उघडे ठेवून चालवा, फेस बसू द्या, डोळा पातळीला आणून वाचा. समजा ६२, ६१, ६३ आणि ५४ मिली आले. सरासरी ६०, म्हणजे चौथा १० टक्के कमी. मी ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतो. आकडा किती यापेक्षा चौघांचा मेळ बसतो का, ते बघायचं. पुढची पायरी बरेच जण गाळतात: हीच चाचणी दोन-तीन मिलिसेकंदाच्या छोट्या पल्सवर पुन्हा घ्या. पूर्ण उघडा असताना बरोबरीने चालणारा इंजेक्टर इथे मागे पडतो, आणि आयडलिंगची थरथर नेमकी इथली असते.

कमी भरला तरच अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये टाका, आतली जाळी बदला, आणि परत मोजा. काम गॅरेजमध्ये देत असाल तर आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा फोटो गॅरेजवाल्याकडे मागा. नुसतं "चकाचक झालंय" ऐकून पैसे देऊ नका. ओ-रिंग मात्र नव्याच, तेलाचं बोट लावून बसवा. बॅटरी आणि फ्यूज जागेवर लावून स्टार्टर मारण्याआधी दोन-तीनदा नुसती चावी ऑन करा आणि रेलवर टॉर्च मारून गळती बघा.

कॉमन रेल डिझेल किंवा डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल असेल तर यातलं काही करू नका. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं, ती धार कातडीतून आत घुसते. ते काम पंप-नोझलवाल्याकडेच द्या.