बेलग्रेडला जॅझ ऐकायला जाताय? मग ऑक्टोबर एंड बघा

जॅझसाठी सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला जायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटाकडे जा, तेव्हा तिथला जॅझ फेस्टिवल असतो, 1971 पासूनचा, आणि पहिल्याच वर्षी माइल्स डेव्हिस अन ड्यूक एलिंग्टन हे अमेरिकन जॅझ दिग्गज वाजवून गेलेत म्हणजे बघा! प्रोग्रॅम मेनली डोम ओमलादिने या युवा केंद्रामध्ये, अगदी सेंटरला, त्यामुळे रूम पण तिथेच चालत जाण्याइतक्या अंतरावर घ्या, रात्री टॅक्सीचा खर्च वाचतो. तसंही जानेवारी 2025 पासून शहरातल्या बस-ट्राम फुकट आहेत, एअरपोर्टहून 72 नंबरची बस पकडा, मिनीबस ए1 ला मात्र पैसे पडतात.

नदीवरचे तरंगते क्लब, स्प्लाव म्हणतात त्यांना, ते खरे उन्हाळ्यातले. आणि माझं मत विचाराल तर त्यापेक्षा त्सेटिन्स्का स्ट्रीटवर जुन्या ब्रुअरीच्या आवारातले बार भारी, कुणी कपडे बघत नाही. फक्त आत सिगरेटचा धूर जाम असतो, जॅकेटला दुसऱ्या दिवशीपर्यंत वास येतो.

जेवणाचं सोपं, कुठल्याही पेकारात म्हणजे बेकरीत गरम बुरेक, म्हणजे सारण भरलेली थरांची पेस्ट्री, घ्यायचा, वजनावर कापून देतात, तेलकट कागदात, सोबत पातळ दह्याचा ग्लास. व्हेज वाल्यांनी "सा सिरोम" सांगा, चीजवाला मिळेल, नाहीतर खिमा येतो. दुपारी कालेमेगदान किल्ला, एंट्री फ्री.

व्हिसाचं आधी बघा हां, 2023 पासून इंडियन पासपोर्टला लागतो, पण व्हॅलिड शेंगेन, यूके किंवा यूएस व्हिसा असेल तर त्यावर चालतं.