वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप: चरबी घरी कशी मोजावी

वजनकाटा किलो सांगतो. त्यांत हाडामांसाचे किती आणि चरबीचे किती, हे सांगत नाही. हातापायांच्या काड्या आणि पुढे सुटलेली ढेरी अशी अंगकाठी आपल्याकडे नांदेडपासून बीडपर्यंत कोणत्याही पारावर दिसते, आणि अशा माणसाचे वजन कित्येकदा ‘योग्य’ भरते.

प्रथम सकाळी, उपाशीपोटी वजन करावे. नंतर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, डोक्यावर पाटी आडवी धरून खूण करावी आणि उंची मोजावी. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, मिळतो. भारतीय प्रौढांसाठी 18.5 ते 22.9 योग्य, 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा मानतात. गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना ही मोजपट्टी लागू नाही.

आता खरे काम कमरेचे. पँटचा नंबर सांगून सुटका करून घेऊ नये, कारण पँट ढेरीच्या खाली बांधलेली असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपावी, त्या दोहोंच्या मधोमध टेप जमिनीला समांतर गुंडाळावी आणि सहज श्वास सोडून झाल्यावर आकडा वाचावा. साडी किंवा धोतराचा खोचा आधी सोडावा, पोट आत ओढू नये आणि टेप कातडीत रुतू देऊ नये. दोनदा मोजून सरासरी घेतलेली बरी. पुरुषांत 90 सेंटीमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर (साडेएकतीस इंच) ही मर्यादा आहे. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

उदाहरणार्थ, 165 सेंटीमीटर उंच आणि 62 किलो वजनाच्या पुरुषाचा बीएमआय 22.8, म्हणजे योग्य; परंतु त्याची कंबर 94 भरली, तर पोटातील अवयवांभोवती चरबी साठल्याची दाट शक्यता असते. मधुमेह व हृदयविकाराशी जवळचे नाते याच चरबीचे आहे.

चरबीचे टक्के दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतात. शरीरात पाणी कमी असेल तर चरबी वाढीव दिसते. मे महिन्यात शेतातून घामाघूम होऊन आल्याबरोबर त्यावर उभे राहण्यात अर्थ नाही. असा काटा वापरायचाच, तर वेळ आणि काटा दोन्ही तेच ठेवावेत.

कंबर महिन्यातून एकदा मोजून वहीत तारखेसह लिहावी. मर्यादा ओलांडली असेल, तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि रक्तदाब व उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी.